सिग्नेचं कडवं

माझी आत्या बोदिल गाणी लिहून द्यायची. कुणाची पन्नाशी, कुणाचं लग्न, कुणाची निवृत्ती. आमच्या मॉर्स बेटावर समारंभ म्हटला की गाणं लागतंच, आणि प्रत्येकाला काही यमकं जुळवता येत नाहीत. मग लोक आत्याला फोन करत, त्या माणसाची माहिती सांगत, सगळ्यांना येणारी एखादी चाल निवडत आणि आठवड्याभरात घडी घातलेले कागद घेऊन जात. जेवण चालू असताना ते कागद वाटायचे आणि सगळ्यांनी मिळून गायचं. ज्याच्यासाठी गाणं, त्याला तोवर त्यातला एक शब्दही कळू द्यायचा नाही.

त्याआधी ती टपाल कचेरीत होती. कचेरी बंद झाली आणि तिनं हे सुरू केलं. एकतीस वर्षं केलं. तिचे यजमान पौलकाका गेले त्या आठवड्यातही तिनं एका दंतवैद्याच्या साठीचं गाणं वेळेवर दिलं होतं.

"कसं जमलं गं तुला?" मी विचारलं.

"चाल ठरलेली असते. शब्द तिच्यावर बसवायचे. त्याला मी कशाला लागते?"

गिऱ्हाइकांना ती एकच गोष्ट बजावायची. "भावना नकोत, तपशील दे. बायको प्रेमळ आहे असं सगळेच सांगतात. ती कॉफीत साखर किती घालते ते सांग."

आक्सेल शिंपल्यांच्या होडीवर काम करून म्हातारा झालेला माणूस. मे महिन्यात त्याच्या आणि राग्नाच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. राग्नासाठी म्हणून त्यानं आत्याकडून सात कडव्यांचं गाणं करून घेतलं होतं. दोघांची नाचात झालेली ओळख, होडी, घर, मोठा यॉर्न, मग मेरेटे. शेवटच्या कडव्यात नेहमीप्रमाणे ग्लास उंच करायचे. समारंभ शनिवारी होता. मंगळवारी दुपारी आक्सेल बुटांसकट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"अजून एक कडवं हवंय."

"आक्सेल, कागद छापून आलेत. घड्यासुद्धा घालून झाल्या."

"सिग्नेचं."

आत्यानं हातातली बशी पुसणं थांबवलं नाही. सिग्ने ही त्यांची धाकटी. अकराव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली, त्याला चौतीस वर्षं झाली होती. तेव्हापासून राग्नानं तिचं नाव उच्चारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी घेतलं तर ती उठून खोलीबाहेर जायची. त्यामुळे कुणी घेत नसे.

"राग्नाला विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

"आणि न विचारता गायलं तर?"

"गाणं चालू असताना कुणी उठतं का?" तो म्हणाला. "एकदा तिच्यासमोर ते नाव घेतलेलं ऐकायचंय मला. नाहीतर आम्ही दोघं गेलो की ती नव्हतीच, असं होऊन जाईल."

"पन्नास वर्षांत बायकोशी बोलायला शिकला नाहीस, आणि आता ते काम माझ्या गळ्यात घालतोयस."

"मी शिंपले काढतो, तू यमकं जुळवतेस. ज्याचं काम त्यानं करावं."

"मोठा शहाणा. बूट काढ आणि बस. तपशील सांग."

तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. तीन गोष्टी आठवल्या, तेवढ्या त्यानं सांगितल्या.

कागदाची मागची बाजू कोरीच होती. आत्यानं ऐंशीच्या ऐंशी कागद ग्रंथालयात नेले, पुन्हा छपाईयंत्रातून काढले. मागच्या पांढऱ्या पानावर ते चार ओळींचं कडवं एकटंच उभं होतं. "बरं दिसतंय," ती म्हणाली. असं ती सहसा म्हणत नसे.

गाणं लिहिणाऱ्याला कुणी समारंभाला बोलवत नाही. पण आक्सेल ऐकेना, म्हणून शनिवारी मी तिला गाडीनं गावच्या हॉलवर घेऊन गेले. डुकराचं मांस आणि बटाटे झाले, कागद वाटले गेले, पेटीवाल्यानं सूर धरला. सातव्या कडव्याला लोकांनी सवयीनं ग्लासांकडे हात नेले. मग कागदाच्या मागे अजून काही आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. पानं उलटल्याची एकच सळसळ झाली.

सिग्ने आमची धाकटी, सायकल तिची लाल,
पावावरती रोज हवं तिला लोणचं बिटाचं लाल,
शिट्टी वाजवी दोन बोटांनी, धक्क्यावर ती उभी,
अकरा वर्षं होती इथे, आहे आमच्यात अजूनही.

आवाज पातळ होत गेले. पण चाल चालू होती, आणि चालू गाणं कुणी सोडत नाही. राग्ना बसून होती. कागद तिच्या हातात होता आणि तिचे ओठ बंद होते.

शेवटची ओळ संपली आणि यॉर्न ग्लास घेऊन उठला. गाणं संपलं की थोरल्या मुलानं उठायचं, हे त्याच्या पायांनाच ठाऊक होतं. "चिरायू होवो!" तो ओरडला. ऐंशी माणसं उभी राहिली. हुर्रा, हुर्रा, हुर्रा. आमच्याकडे तीनदा तीन हुर्रा करतात. दुसऱ्या तीनला, आपण कुणाच्या कडव्यावर ओरडतोय ते काहींना कळलं आणि त्यांनी तोंडं मिटली. तिसरे तीन जेमतेम चार-पाच जणांनी पूर्ण केले, कारण मध्ये थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं. यॉर्नचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

आत्या माझ्या शेजारी उभी होती. एकतीस वर्षं शेवटचं कडवं तिनं हुर्रासाठीच राखून ठेवलं होतं. "आधी घालायला हवं होतं," ती म्हणाली. "पाचव्यानंतर." तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

सगळे बसले. आक्सेल टेबलाच्या कडेकडे बघत होता. राग्ना उठेल म्हणून दाराजवळच्या बाईनं आपली खुर्ची ओढून वाट करून ठेवली.

राग्ना उठली नाही. तिनं कागद ताटाशेजारी ठेवला आणि त्यावर बोट ठेवलं.

"सिग्नेला बीट आवडत नसे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. "ती उचलून तुझ्या ताटात टाकायची. तू खायचास."

आक्सेलनं मान वर केली. "मग तिला काय आवडायचं?"

राग्ना विचार करत राहिली. माझ्या शेजारी आत्यानं पर्समधून पेन्सिल काढली होती.

"आठवत नाही," राग्ना म्हणाली.

आक्सेलनं तिच्या पाठीवर हात ठेवला, जड, होडीवर सामानावर ठेवतात तसा. मेरेटेनं कॉफी आणायला सांगितली. आत्यानं पेन्सिल परत पर्समध्ये टाकली आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला.