विठाबाईच्या दाराची कडी

नरसिंगरावांना मरणाची भीती नव्हती, असं ते स्वतः सांगत. भीती होती ती मेल्यावर कुणाला पत्ताच न लागण्याची. राजाजीनगरातल्या एका वठारात, अंगणाभोवतीच्या आठ खोल्यांपैकी एकीत, ते भाड्यानं राहत. सत्तावन्न साली पलीकडच्या खोलीतले गुरुराज मास्तर वारले, ते तिसऱ्या दिवशी वासावरून कळलं. दार फोडलं तेव्हा मास्तर उंबऱ्याशी पालथे पडलेले होते, एक हात दाराकडे केलेला. तो हात नरसिंगरावांच्या डोळ्यांपुढून जाईना.

धंद्यानं ते शिंपी. घराणं दोन-तीन पिढ्या बंगळुरातच मुरलेलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. देवनहळ्ळीला बहिणीचा मुलगा होता, पण तो दिवाळीलासुद्धा येईल तेव्हा खरा. मास्तरांचं तेरावं झालं आणि नरसिंगरावांनी पेचकस घेऊन आपल्या दाराची लोखंडी सरकती कडी काढून टाकली. रात्रंदिवस दार नुसतं लोटलेलं. शिवणाचं मशीन चोरीला जाईल, असं सगळ्यांनी बजावलं. "मशीन गेलं तर दुसरं येईल. मी कुजत पडलो तर?" असं म्हणून ते मोकळे व्हायचे. हट्टाला पेटलेल्या माणसाशी कोण वाद घालणार!

शेजारी विठाबाई राहायची. निपाणीकडची, गिरणीकामगाराची विधवा, दिवसभर उदबत्त्या वळून पोट भरणारी. ती म्हणाली, "अण्णा, तुमास नको तर ती कडी मला द्या की. माझ्या दाराला नुसता आकडा हाय. बाईमाणूस मी, जीव घाबरतो." नरसिंगरावांनी चार लांब स्क्रू मारून कडी पक्की बसवून दिली. त्या बदल्यात एक काम मात्र तिच्या गळ्यात घातलं. रोज सकाळी तिनं त्यांचं दार ढकलून हाक मारायची. शिवाय एक पोस्टकार्डही सोपवलं. भाच्याचा पत्ता घातलेलं, मागं 'मामा गेले. ताबडतोब निघा.' एवढंच. तारखेची जागा कोरी. विठाबाई पदर तोंडाला लावून हसली, पण कार्ड तिनं देवाच्या तसबिरीमागं जपून ठेवलं.

त्यानंतर आठ वर्षं एक सकाळ चुकली नाही. दार करकरायचं, उदबत्तीचा वास आत यायचा आणि मागोमाग हाक. "अण्णा, हाईसा न्हवं?"

"हाय, हाय!" नरसिंगराव अंथरुणातूनच ओरडायचे, आणि त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

पासष्टच्या पावसाळ्यात दार फुगलं आणि कडी अडकू लागली. विठाबाईचं वय झालं होतं, बोटांत जोर राहिला नव्हता. "अण्णा, कडी लई घट्ट झालीया. स्वल्प तेल सोडा की."

"सरी अक्का, उद्या सोडतो," नरसिंगराव मशीनवरची मान वर न करता म्हणाले. मशीनच्या तेलाची लांब चोचीची कुपी त्यांच्या हाताशीच होती. दसरा जवळ आलेला, कामाचा ढीग पडलेला. चार दिवसांनी तिनं पुन्हा आठवण केली. ते पुन्हा उद्या म्हणाले. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी नरसिंगराव जागे होऊन पडून राहिले. ऊन आत आलं, दूधवाला येऊन गेला, तरी दार करकरलं नाही. आधी त्यांना रागच आला. मी मेलो असतो म्हणजे आज? असं कुरकुरत ते उठले आणि तिच्या दाराशी गेले. आतून कडी होती.

"अक्का," त्यांनी हाक मारली. मग आवाज चढवून, "अक्का, हाईस का?"

हे शब्द तोंडातून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, आठ वर्षांत आपण हे पहिल्यांदाच विचारतोय.

देवाप्पा सुतार धावत आला, आणखी दोघं आले. धडका मारून मारून खांदे दुखले, पण कडी सुटेना. शेवटी फळीच फुटली. विठाबाई दाराला टेकून बसल्यासारखी कलंडली होती. अंग गार पडलेलं. उदबत्तीनं काळी झालेली बोटं सोललेली, आणि कडी अर्धी सरकलेली.

"बाहेर यायला बघत होती बाई," देवाप्पा हळूच म्हणाला.

बायका जमल्या. तसबिरीमागून कुणीतरी ते पोस्टकार्ड काढलं, वाचलं आणि नरसिंगरावांच्या हातात दिलं. "हिच्या माणसांना कळवायला पाहिजे. गाव कोणतं हिचं? कोण आहे तिकडं?" एकीनं नरसिंगरावांना विचारलं. निपाणीकडची, एवढंच त्यांना माहीत होतं. ते त्यांनी सांगितलं आणि मान खाली घातली.

तिला त्यांनीच अग्नी दिला. परत आल्यावर आंघोळ करून ते आपल्या खोलीत गेले आणि तेलाची कुपी घेऊन तिच्या मोडक्या दाराशी बसले. एकेक थेंब सोडत त्यांनी कडी मागंपुढं केली. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला ती एका बोटानं सरकू लागली. तरी नरसिंगराव तेल सोडतच राहिले. देवाप्पानं येऊन दंडाला धरलं, तेव्हा कुपी रिकामी झाली होती.