भोंग्याकडे उरलेला शब्द

भोंग्याची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या गळ्यावर वस्तरा होता. वस्तरा त्याचा, गळा माझा, आणि प्रश्न असा : "साहेब, बायकोचं ऐकावं की नाही?" अशा वेळी माणूस वाटेल त्या मताला होकार देतो. दाढी होईस्तोवर त्याने राजकारण, मूळव्याध आणि स्वतःचे सासरे असे तिन्ही विषय निकालात काढले. मग माझ्या अंगावरचं कापड फटकन झटकून बाकड्याकडे आरोळी ठोकली, "पुढचा!" रस्त्यावर झोपलेली कुत्री उठून चालती झाली. गल्लीने त्याचं नाव भोंगा उगाच ठेवलं नव्हतं.

या भोंग्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि तोंडात एकच शब्द उरला : "पुढचा!" पाणी हवं, पुढचा. पाठ दुखते, पुढचा. बायकोला बघून डोळे भरले, तरी पुढचा. 'हो'ला मान हलवायला जावं, तर तीही उलटीच हले.

"जन्मभर मला बोलू दिलं नाही," वहिनी म्हणाल्या. "आता रान मोकळं आहे, तर मेला विषयच सुचत नाही."

हॉस्पिटलात त्याच्या वॉर्डाला लागून एक मोठी खोली होती. तिथे कॅरम, रेडिओ, कुंड्या, मळायला माती, भिंतभर आरसा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "छताकडे बघत पडलेला मेंदू गंजतो. माणसांत बसवा, हाताला चाळा द्या. यायचं ते बहुतेक आत्ताच येतं, नंतर कठीण." भोंग्याला तर ती खोली म्हणजे दुकानच! आरसा आहे, गिऱ्हाइकं बसली आहेत आणि पळून जायची एकाचीही टाप नाही. पहिल्या दिवशी आम्हालाही आत सोडलं होतं; शेजाऱ्याच्या टकलावर डावा हात फिरवताना त्याच्या उजव्या हाताची बोटं जराशी हलली. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

पण चाकाच्या खुर्च्या कमी, न्यायला वॉर्डातले मामा एकटेच. ते सकाळी खाटेशी येऊन विचारत, "काय काका, यायचं का खोलीत?"

भोंगा सगळा जीव एकवटून ओरडे, "पुढचा!"

आणि मामा पुढच्या खाटेकडे जात. हे शेजारच्या खाटेवरून कळलं, तसं संध्याकाळी मी मामांना गाठलं.

"अहो मामा, तो हो म्हणत असतो!"

"साहेब, पुढचा म्हणजे पुढचा. मला काय भाषा कळत नाही?"

शेवटी मी खाटेच्या कठड्यावर कागद चिकटवला : 'पुढचा म्हणजे हो.' मामांनी तो मन लावून वाचला, मानही डोलावली. त्याच संध्याकाळी भोंग्याला खिडकीजवळच्या खाटेवर हलवलं. कागद जुन्या खाटेवरच राहिला. तिथे आलेले एक निवृत्त गुरुजी रोज हात जोडत, "मला नको हो, पुढचा न्या!" आणि मामा त्यांना उचलून कॅरमपाशी बसवत. सकाळी बाहेरच्यांना आत सोडत नसत. आम्ही संध्याकाळी पोचायचो, तेव्हा खोलीला कुलूप असे.

हे कळलं तेव्हा मी कागद खिडकीशी नेला, डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सिस्टरांना सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या आणि "बघते हं" म्हणाल्या. मग मामा रजेवर गेले, आणि खोलीत जादा खाटा टाकल्या.

महिनाअखेर भोंग्याला घरी सोडलं. हात आला नाही.