उदबत्त्या लावलेले जाते

सेवानिवृत्तीनंतर मी कविता लिहू लागले. लिहिलेले कधीतरी चारचौघांत वाचावेही लागते, हे मात्र उशिरा ध्यानात आले. महिला दिनाच्या कविसंमेलनाचे निमंत्रण स्वीकारून मी वाईहून सांगलीला निघाले आणि एसटीत सारा वेळ एकच कविता मनाशी घोकत राहिले. कविता दीर्घ होती, आईवर होती. मोठ्याने वाचण्याची माझी ती पहिलीच वेळ.

व्यासपीठावर झेंडूच्या माळा घातलेले जाते मांडले होते. खुंटा हरवला असावा. त्याच्या भोकात संयोजकांनी उदबत्त्या खोचल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवरील जतच्या कवयित्रीने मला कोपराने ढोसले.

"आवं बाई, खुंट्याच्या जागी उदबत्त्या! जातं मेलं का काय?"

मी हसू दाबले, कारण अध्यक्ष बोलायला उठले होते. विषय होता स्त्रीकवितेची वाटचाल. आपल्या माउल्या पहाटे हसतमुखाने ओव्या गात, असे त्यांनी सांगितले. पुढे स्त्रिया शिकल्या आणि कविता रागावली. आता ती मुक्तछंदात स्वतःच्या देहाविषयी बोलते, याचे त्यांना कौतुक होते आणि थोडी काळजीही.

हसतमुखाने? आईच्या ओव्यांत तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आजीची, जी शोभा होत असे, ती घरातील पुरुषांपर्यंत पोहोचली नाही, ती केवळ जात्याच्या घरघरीमुळे. माझी कविता नेमकी हेच सांगत होती.

"ह्ये थकत न्हाईत व्हय?" शेजारीण कुजबुजली.

"अध्यक्ष आहेत," मी म्हणाले.

"मग आपुन कोण? आरास?"

भाषण संपले तेव्हा बाहेरच्या जेवणाच्या मांडवातून आमटीचा वास येऊ लागला होता. सूत्रसंचालकाने हात जोडले. "भगिनींनो, वेळेअभावी प्रत्येकीने दोनच ओळी वाचाव्यात."

मी कविता घडी करून पर्समध्ये ठेवली आणि परतीच्या गाडीचा विचार करू लागले. मग आठवले: आईलाही ओवीच्या दोन ओळींसाठी जात्यात वैरलेली मूठ दळून होईपर्यंतच सवड असे. स्त्रीकविता इतकी पुढे आली, की पुन्हा दोन ओळींवर येऊन थांबली.

नाव पुकारले गेले. ध्वनिक्षेपकाची दांडी मी खुंट्यासारखी घट्ट धरली, आणि जे सुचले ते म्हटले:

"माझी थोरवी सांगून झाली, की मला हाक मारा;
तोवर मी दळण आटोपते."

जतची कवयित्री मोठ्याने हसली आणि तिच्यामागे सारे सभागृह. अध्यक्षांनीही टाळ्या वाजवल्या. समारोपात त्यांनी माझ्या ओळींमधील सोशिकता श्रोत्यांना सविस्तर उलगडून दाखवली.

तोवर भात गार झाला होता.