सुबाभळीची होळी

प्रज्योत पहिल्यांदा खाकी वर्दी घालून गोराईकडच्या त्यांच्या कोळीवाड्यात शिरला, तेव्हा शेजारच्या निमेशने, त्याच्या लहानपणच्या मित्राने, भर नाक्यावर बोंब ठोकली होती, "मासा झाडावर चढला रे!" होडी हाकणाऱ्या तांडेलाचा पोरगा, ज्याचं बालपण खाडीत डुंबण्यात गेलं, तो वनरक्षक म्हणून लागला, पुढे वनपाल झाला आणि बदली होऊन आला तो थेट घरामागच्या सरकारी वनात. हसणारच लोक.

काम मात्र त्याला जीव लावण्यासारखं मिळालं होतं. त्या वनात सुबाभूळ माजली होती. कधीकाळी कुणी चाऱ्यासाठी लावली असेल, आता ती दुसऱ्या झाडाला वर डोकं काढू देत नव्हती. ती काढायची आणि तिथे करंज, उंडी, खाडीकाठची भेंडी अशी इथलीच झाडं लावायची. लावलेल्या प्रत्येक रोपाला नवी पालवी फुटली की प्रज्योत घरी येऊन बारसं असल्यासारखी बातमी द्यायचा. आई, कुंदा, मासे साफ करता करता म्हणायची, "सून कवा आणतोस ते सांग. झाडांचं कौतुक पुरं."

फाल्गुन लागला आणि हसू आटलं.

होळीचं झाड आणायचा मान चंदर तांडेलाच्या, म्हणजे प्रज्योतच्या घराचा. झाड भेंडीचं, आणि ते यायचं त्याच वनातून. आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारणारा घरातच जेवत होता.

"भेंडी तोडू देणार नाही, बाबा," प्रज्योत म्हणाला. "हातानं लावतोय मी ती."

"मग मान सोडू?" चंदरने ताटावरून हात काढला. "वाड्याला काय सांगू? पोराला साहेबानं झाडं राखायला ठेवलंय, म्हणून होळी शेजारच्यांना द्या?"

"सुबाभूळ देतो ना. रेंजर मॅडमची लेखी परवानगी आणलीय. नाहीतरी काढायचीच आहे."

"सुबाभूळ!" ओट्यावरून निमेश ओरडला. "शेळ्या खातात ती! यार, होळीला पुजायची का शेळ्यांना चारायची?"

चंदर अर्धं ताट सोडून उठला. हेच वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर प्रज्योतला झोप लागली असती.

सकाळी तो उठला तर बापाची चप्पल दारात नव्हती. वनात गेला, तर चंदर लुंगी खोचून सुबाभळींमध्ये फिरत होता. प्रज्योतने खूण केलेल्या झाडांना हात लावून बघत, मान मागे टाकून शेंडे बघत. भेंडी कधी सरळ वाढत नाही. दर वर्षी वाकडी होळी उभी करताना निम्मा वाडा घामाघूम व्हायचा. ही झाडं मात्र दाटीत वाढलेली, उजेडासाठी सरळ वर धावलेली.

सगळ्यात उंच झाडाशी चंदर थांबला. बुंध्यावर थाप मारली.

"माझ्या आज्याच्या होडीची डोलकाठी अशीच होती," तो म्हणाला. "हीच काढ."

झाड पडलं. प्रज्योतने बुंध्यावर सरकारी शिक्क्याचा हातोडा मारला. पोरं दोर बांधून ओढायला वाकली, तेवढ्यात तो पुन्हा आडवा आला.

"थांबा! आधी शेंगा काढा. एकूण एक. नाहीतर वाड्यापर्यंत बी सांडत जाईल. पुढच्या वर्षी देवळाच्या पायरीतसुद्धा सुबाभूळ उगवेल."

"काय रे बाबा!" निमेशने डोक्याला हात लावला. "झाड तोडलं तर चालतं, शेंग पडली तर नाही?"

"हो. तसंच आहे ते."

मग सगळ्या बायका बोलावल्या. कुंदा पुढे. वाळलेल्या शेंगा खुळखुळत होत्या, बायका त्या तालावर गात होत्या, मध्येच प्रज्योतला बघून "फॉरेस्टवाल्या नवऱ्या"चं गाणं जोडत होत्या. तो लाजून पानं वेचत बसला. शेंगांची पोती भरली.

संध्याकाळी पताका, हार, ऊस बांधून झाड खड्ड्याशी आणलं. चंदरने तांडेलाच्या आवाजात हुकूम सोडले, "डावा दोर ढील द्या! उजवे, ओढा!" आणि झाड कुठेही न अडता, न डगमगता सरळ उभं राहिलं. शेंडा देवळाच्या कळसाच्याही वर. मग जो गलका उठला, तो खाडीपलीकडे गेला असेल.

सगळ्यांत आधी शेंगा पेटवल्या. ताडताड फुटत त्या अशा उडाल्या की पोरं किंचाळत नाचली, आणि निमेश सगळ्यांच्या पुढे.

पूजेचा नारळ चंदरच्या हातात होता. दर वर्षी तो स्वतः होळीत टाकायचा. त्याने तो प्रज्योतच्या हातात दिला.

"टाक. मान आपल्याच घरात हाय."

दुसऱ्या दिवशी, रंगानं माखलेले शेजारच्या पाड्याचे चार जण प्रज्योतकडे आले. पुढच्या होळीला तसलंच सरळ झाड हवं होतं, जमलं तर त्यापेक्षा हातभर उंच.

"वनात या, निवडा," प्रज्योत म्हणाला. "पण कुदळी घेऊन या. एका उंच झाडामागे दहा बारकी उपटायची. मुळासकट."

"आनि शेंगा?" एकाने विचारलं.

"त्या आमच्या बायका काढतील," आतून चंदर ओरडला. "तुमच्या पाड्यात गाणी कुठं येतात!"