चिंधी बांधलेला मुळा

धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरामागे चार वाफे होते, आणि ते आईचे होते. ती शेतकऱ्याची मुलगी. बियाण्यासाठी राखलेल्या काकडीला गावाकडे चिंधी बांधतात, म्हणजे ती कोणी तोडत नाही. आई तशाच चिंध्या मुळ्याला, माठाला, कोथिंबिरीला बांधायची. पण बियाण्यासाठी नव्हे, पाखरांसाठी. फाल्गुनात मुळा कमरेएवढा वाढे, कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या घोंघावत आणि मुळ्याच्या शेंगांवर पोपट तुटून पडत. "आपलं खाऊन झालं, आता त्यायचं," असं म्हणून आई खुशाल बघत बसायची.

मला मात्र लाज वाटायची. शेजारी गुलाब, गेरू लावलेल्या कुंड्या. आमच्याकडे वाळकं रान आणि त्यावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मी बी.ए.ला होते आणि भलतीच शिष्ट होते. मैत्रिणींना मी मागे जाऊच देत नसे.

मग मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. आदल्या दिवशी आई नव्या कपबशा आणायला इतवारीत गेली आणि मी पदर खोचला. तासाभरात चारही वाफे साफ. पोपट तारेवर बसून ओरडत होते, त्यांना मी ढेकूळ मारलं.

आई परतली आणि उघड्या मातीकडे बघत उभी राहिली.

"काहून उपटलं वं? चिंधी नाही दिसली तुले?"

"दिसली, म्हणूनच उपटलं."

आई कपबशा विसळायला बसली.

पाहुणे कळमेश्वरकडचे, संत्र्याची बाग असलेले. पोहे झाल्यावर मुलाची आई हात धुवायला मागच्या नळावर गेली. आई तिच्यासोबत होती, टॉवेल घेऊन मी मागे.

"एवढी चांगली जागा, अन् अशी उजाड काहून ठेवली बाई? पाखरालेही दाणा नाही!"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच उपटलं जी सारं. होत नाही आता माझ्यानं."

त्या बाईंनी आळशी बाईकडे बघावं तसं आईकडे बघितलं. 'आईनं नाही, मी उपटलं' एवढंच तर म्हणायचं होतं. मी टॉवेल पुढे केला.

त्याच घरी माझं लग्न झालं. सासूबाई पुढे कितीदा तरी म्हणायच्या, "तुह्या मायले झाडापाखरायची आवड नाही वं." आई हयात होती तेव्हाही म्हणायच्या, ती गेल्यावरही. आणि मी, तिची मुलगी, दरवेळी ते ऐकून घेतलं.