अंगावर धातू नाही

नवऱ्याची बदली राहुरीला झाली तेव्हा सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. माझं काय होणार, हे कुणी विचारलं नाही. पुण्यात मी सहा वर्षं एमआरआय टेक्निशियन होते. "तुला काय, कुठंही मिळेल," सासूबाई म्हणाल्या, "दवाखाने काय कमी आहेत?" दवाखाने कमी नव्हतेच. एमआरआयची मशिनं मोजकी होती, आणि जिथं होती तिथली माणसं खुर्ची सोडायला तयार नव्हती.

आम्ही नगरला सावेडीत घर घेतलं. नवरा रोज एसटीनं राहुरीला जायचा, लेक शाळेत जायची, आणि मी फाइल घेऊन दारोदार. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, एक्स-रे काढून मधल्या वेळात केसपेपर लिहाल का? दुसऱ्यांना सोनोग्राफी करणारी हवी होती. ती कायद्यानं डॉक्टरांनीच करायची असते, हे मी डॉक्टरांनाच ऐकवून आले. माझ्या जिभेला हाड नाही, हे आई लहानपणापासून सांगते. तिसऱ्या ठिकाणासाठी श्रीरामपूरपर्यंत गेले. तिथं खोली तयार होती, बोर्डही लागला होता, फक्त मशीन यायचं होतं. मशीनच्या जागी सिमेंटच्या गोण्या होत्या. मालक म्हणाले, "दिवाळीपर्यंत येतंय." कुठल्या दिवाळीपर्यंत, असं मी विचारलं, आणि तेही दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

तिसरा महिना लागला तशी माझी चिडचिड सरून भीती सुरू झाली. आमच्या कामात खंड पडला की माणूस मागे पडतो. मशीनची नवी पद्धत येते, हात विसरतो, आणि मुलाखतीत "मधले महिने काय करत होता?" याला उत्तर नसतं. एक्स-रेवाल्या डॉक्टरांनी शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगा, असा निरोप दिला. एक्स-रे हे वाईट काम नाही. पण एकदा तिकडे गेले की पुन्हा एमआरआयच्या खुर्चीवर मला कुणी बसवणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्याच आठवड्यात नगरमधल्याच एका एमआरआय सेंटरचा फोन आला. त्यांचा सीनियर टेक्निशियन परदेशी चालला होता. मालक डॉक्टर मोजकं बोलणारे. "गुरुवारी या. एक दिवस काम करून दाखवा. शुक्रवारी दुसरा एक मुलगा येणार आहे. मग ठरवतो."

गुरुवारी मी दोन रिक्षा बदलून वेळेच्या पाऊण तास आधी पोचले. सीनियर बोलायला चांगला होता, पण त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे. "मॅडम, इथं पेशंट लांबून येतात, शेवटची गाडी पकडायची असते. हात चालला पाहिजे." हात चालला. एक गुडघा, दोन कंबरा, एक मान. डॉक्टर अधूनमधून काचेपलीकडून बघत आणि काही न बोलता जात. माझ्या पाठीला घाम फुटलेला, आणि एसी तर असा की बोटं गार पडली होती.

दुपारी स्ट्रेचरवरून एक बाळंतीण आली. बारा दिवसांची. डोकं असह्य दुखत होतं, सकाळी झटका येऊन गेला होता, आणि आता ती अर्धवट गुंगीत होती. कानात कापूस, डोक्याला रुमाल, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधलेला. सोबत तिची आई होती, पाथर्डीकडची. ऊसतोडीला जाणारी माणसं, हे तिच्या हातांवरून कळत होतं. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ आहे का, ते ताबडतोब बघायचं होतं. आमचे डॉक्टर फोनवर तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांना म्हणत होते, "अर्ध्या तासात सांगतो."

एमआरआयचं मशीन म्हणजे एक भलामोठा लोहचुंबक. तो बंद दिसला तरी बंद नसतो. लोखंडाची वस्तू आत गेली की ती उडून थेट मशीनच्या तोंडाशी जाते, आणि तिथं पेशंटचं डोकं असतं. म्हणून आत नेण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. मी तो पुण्यात रोज भरत होते. इथंही तसाच भरला.

"मावशी, हिच्या अंगावर काही धातू? दागिने, जोडवी, पिना, चावी?"

"न्हाई म्याडम. समदं काढून ठिवलंय." तिनं रुमालात बांधलेली मंगळसूत्राची पुरचुंडी दाखवली.

"शरीरात काही बसवलंय? ऑपरेशन, रॉड?"

"न्हाई."

मी "धातू नाही" लिहिलं आणि सही ठोकली. पोटाचा पट्टा सोडून गाऊन घालावा, असं मनात आलं. सीनियर म्हणाला, "डोक्याचा तर आहे मॅडम. ओल्या बाळंतिणीला कशाला उघडं करता? दहा मिनिटं जातील." आत डॉक्टरांचा फोन पुन्हा वाजत होता. मी ऐकलं. ती माझी चूक, सीनियरची नव्हे.

आम्ही तिला आतल्या, बिनलोखंडी स्ट्रेचरवर घेतलं. मशीनच्या खोलीचं जड दार मी उघडलं. तिची आई उंबऱ्याशी थांबली, लेकीच्या पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "भिऊ नगं. राखन हाय तुज्यापाशी."

स्ट्रेचरचं पुढचं चाक आत गेलं होतं. मी ते तिथंच पायानं अडवलं.

"मावशी, राखण म्हणजे काय दिलंय?"

तिनं पट्ट्यावरचा हात काढला नाही. सीनियर मागून म्हणाला, "मॅडम, चला ना."

माझ्या आवाजाची पट्टी आपोआप चढली. "लोखंड दिलंय का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या घरातलं कपाट उघडलंय. मग मान हलवली. आम्ही स्ट्रेचर मागे ओढलं, दार लावलं, आणि मी पट्टा सोडला. तिसऱ्या वेढ्यात, चिंधीत गुंडाळलेलं, कोयत्याचं मोडकं पातं होतं. चार बोटं लांब, टोक शाबूत.  मी भिंत धरली.

"मी विचारलं होतं ना, धातू आहे का?"

"धातू कुटं म्याडम? ते तर लोखंड हाय. बाळंतीन बाई लोखंडाबिगर भायेर काढीत न्हाईत."

मला भांडायला यायला हवं होतं, पण आलं नाही. ही रीत मला ठाऊक होती. माझ्या बाळंतपणात दवाखान्यातून घरी येताना आईनं माझ्या ओटीत अडकित्ता घातला होता. मी शिकलेली, एमआरआयवाली. रिक्षातच तिच्यावर ओरडले होते आणि घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर आदळला होता. आई काही बोलली नव्हती. पण तिचं ते गप्प बसणं मला पाच वर्षांनी, नगरच्या एका सेंटरमध्ये, भलत्याच वेळी आठवलं.

पातं बाहेर ठेवायला मावशी तयार होईना. "मंग तिच्यापाशी काय ऱ्हाईल?" तिचे डोळे भरले. वाद घालायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "मी धरते. ती बाहेर येईपर्यंत खाली ठेवत नाही." तिनं माझा चेहरा नीट बघून घेतला आणि पातं माझ्या हातात दिलं. बाळंतिणीचे सगळे कपडे बदलून, पुन्हा एकदा डोक्यापासून पायापर्यंत चाचपून मी तिला आत नेलं. मग काचेच्या अलीकडे कॉम्प्युटरसमोर बसले आणि स्कॅन सुरू केला. पातं मांडीवर होतं.

डॉक्टर आले. आधी त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीकडे, मग टेबलावरच्या फॉर्मकडे.

"इथं 'धातू नाही' लिहिलंय. सही कुणाची?"

सीनियर कॅलेंडर बघू लागला.

"माझी," मी म्हटलं. "मी विचारलं, पण त्यांना कळेल असं विचारलं नाही."

"आणि पट्टा?"

"सोडायला हवा होता. सोडला नाही."

त्यांनी मान डोलावली. त्याचा अर्थ काय, ते मला कळलं नाही. शिरेत गाठ होती. ती त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली आणि तिथूनच फोन लावला. औषध लगेच सुरू झालं. मावशीनं पातं दोन्ही हातांनी परत घेतलं. "भुईला टेकवलं न्हाई ना?" "नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. पण मला काय दिसलं, हे तिनं विचारलं तेव्हा मला "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणता आलं. टेक्निशियननं त्यापुढे बोलायचं नसतं.

संध्याकाळी निघताना डॉक्टर म्हणाले, "उद्याचा मुलगा येऊन जाऊ दे." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, शनिवारी एक्स-रेवाल्यांना हो म्हणते. तो समजूत काढायला लागला तर त्याच्यावरच खेकसले. चूक माझी होती, आणि चुकीची सही कागदावर होती. कुठला मालक अशी बाई ठेवेल?

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. "सोमवारपासून या. त्या मुलाचा हात तुमच्यापेक्षा वेगात चालतो. फॉर्म तर न विचारताच भरतो." थोडं थांबून म्हणाले, "येताना तो फॉर्म नव्यानं लिहून आणा. लोकांना कळेल असा."

शनिवारी सकाळी मी कागद घेऊन बसले आणि आईला फोन लावला. नोकरीचं सांगितलं. मग विचारलं, "आई, बाळंतिणीला लोखंड कुठं कुठं देतात गं?"

 पाच वर्षांनी मी तो विषय काढला होता. ती सावकाश सांगू लागली. उशाखाली. ओटीत. पोटपट्ट्यात. पाळण्याच्या गादीत. मी लिहीत गेले.

"आणि फेकून देणारी लेक असली," ती म्हणाली, "तर पर्सच्या अस्तरात."

माझं पेन थांबलं. पर्स समोर खुर्चीला अडकवलेली होती. बाळंतपणानंतर कामावर रुजू होताना आईनंच दिलेली, तपकिरी. मी तळाशी हात घातला. कोपऱ्यात अस्तराला वेगळ्या दोऱ्याची बारीक शिवण होती, आणि तिच्याखाली बोटाला टणक लागलं. घोड्याच्या नालेचा खिळा. पुण्यात ती पर्स रोज बाहेरच्या कपाटात राहायची, म्हणून निभावलं. "बोलायची भीती वाटली तुझी," आई म्हणाली.

त्या पर्समध्ये फाइल कोंबून मी तीन महिने नगर, श्रीरामपूर पालथं घातलं होतं. रोज वाटायचं, आपलं असं कुणीच सोबत नाही.