उलटा टी-शर्ट

चिंचपोकळीला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतले काका इंग्लंडच्या एका जुन्या हार्ड रॉक बँडबद्दल सख्खी भावकी असल्यासारखं बोलतात. "आमचा गायक रुसून गेला ना, तेव्हा लय वाईट दिवस आले. स्टेडियम गेली, बारमध्ये वाजवायची पाळी आली. दुसरा आणला. चांगला होता रे, पण रुळला नाही. मग पहिलाच आला परत. आम्ही दाराला कडी लावलीच नव्हती." हे 'आम्ही' म्हणताना ते हसत नाहीत.

त्या बँडचा त्यांच्याकडे एकच काळा टी-शर्ट आहे. तो ते स्वतः हाताने धुतात आणि छापलेले चेहरे विटू नयेत म्हणून गॅलरीत उलटा करून वाळत घालतात. काकींनाही हात लावू देत नाहीत.

मागच्या आठवड्यात बँडचा गिटारवाला वारल्याची बातमी मी मोबाइलवर वाचली. बाहेर आलो तर टी-शर्ट भर उन्हात सुलटा वाळत होता, सगळे चेहरे रस्त्याकडे. काका विसरले असतील म्हणून मी तो उलटा करायला गेलो.

"राहू दे रे," काका आतून म्हणाले. "विटला तर विटला. आज दिसू दे सगळ्यांना."